मुलांच्या कर्करोगात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना आयसीजीची चमक कशी वापरावी

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली की मुलाची जखम लहान राहते, दुखणे कमी होते आणि पुढची केमोथेरपी वेळेवर सुरू करता येते. पण त्या बदल्यात सर्जनचा एक मोठा आधार जातो, तो म्हणजे बोटांचा स्पर्श. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत फुफ्फुस हातात धरून चाचपता येते आणि सीटी स्कॅनमध्ये न दिसलेली बारीक, कडक गाठही बोटाला लागते. ऑस्टिओसारकोमाच्या (हाडाच्या कर्करोगाच्या) फुफ्फुसात पसरलेल्या गाठी वर्षानुवर्षे छाती उघडूनच काढत आले, त्याचे मुख्य कारण हेच. हा गेलेला स्पर्श काही अंशी भरून काढण्याचा आज हाताशी असलेला मार्ग म्हणजे इंडोसायनिन ग्रीन, म्हणजेच आयसीजी हा रंग आणि त्याची चमक टिपणारा कॅमेरा.

हा लेख मुख्यतः बालशल्यचिकित्सा शिकणारे डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि थिएटरमधल्या परिचारिका यांच्यासाठी आहे. मुलाच्या शस्त्रक्रियेत हा रंग वापरणार असे ज्या आईवडिलांना सांगण्यात आले आहे, त्यांनाही तो वाचता येईल. यातील मात्रा प्रचलित वापरातल्या आहेत. प्रत्यक्ष मुलासाठीची मात्रा आपल्या विभागाच्या लेखी पद्धतीप्रमाणे आणि दोघांनी स्वतंत्रपणे हिशेब करूनच ठरवावी.

हा रंग नेमके काय दाखवतो

आयसीजी कोडॅक कंपनीच्या संशोधनातून १९५०च्या दशकात आला आणि १९५९ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. शिरेतून दिला की तो रक्तातील प्रथिनांना चिकटतो आणि रक्तवाहिन्यांतच फिरत राहतो. यकृत तो वेगाने उचलते, त्यामुळे ३-४ मिनिटांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे होते. यकृतातून तो जसाच्या तसा पित्तात उतरतो, लघवीवाटे जात नाही. साधारण ८०० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश त्याच्यावर पडला की तो ८३० नॅनोमीटरच्या आसपास चमकतो. या पट्ट्यातला प्रकाश रक्त आणि पाणी फारसा शोषत नाहीत, म्हणून पेशीजालाच्या (टिश्यूच्या) थोडे आतले दिसू शकते. मात्र ही खोली ५ ते १० मिलिमीटर एवढीच असते. डोळ्याला हा प्रकाश दिसत नाही. पडद्यावर दिसणारी हिरवी छटा कॅमेऱ्याने भरलेली असते.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की आयसीजीला कर्करोग ओळखता येत नाही. रक्त कुठे पोचले, पित्त कुठे अडले, लसिका (लिम्फ) कुठे वाहत गेली, रक्तवाहिन्यांतून झिरपलेला रंग कुठे साठून राहिला, एवढेच तो सांगतो. त्यावरून कर्करोगाबद्दलचा निष्कर्ष आपण काढायचा असतो. रंग तोच, पण तो कधी दिला आणि कोणत्या वाटेने दिला यावर त्याच्या चमकेचा अर्थ पूर्ण बदलतो. म्हणून माझ्या मते या पद्धतीतले निम्मे काम शस्त्रक्रियेच्या आधीच्या दिवसांत होते.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

ट्यूमर बोर्डच्या, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांनी मिळून उपचार ठरवण्याच्या बैठकीत ‘आयसीजी वापरू’ एवढेच ठरले तर ते अपुरे आहे. प्रश्न लिहून ठेवावा. ‘उजव्या फुफ्फुसात सीटीत दिसलेल्या गाठींशिवाय आणखी गाठी आहेत का?’ ‘यकृताच्या या भागाची सीमा कुठे संपते?’ ‘मूत्रपिंडातली गाठ काढून उरलेल्या भागाला रक्त मिळते आहे का?’ ‘या हाताच्या गाठीची लसिका पहिल्यांदा कोणत्या ग्रंथीत जाते?’ चार प्रश्नांना चार वेगवेगळ्या वेळा आणि मात्रा लागतात.

त्याच बैठकीत दुसरी गोष्ट ठरते, ती म्हणजे ही गाठ दुर्बिणीतून काढण्याजोगी आहे का. हा निर्णय रंगावर अवलंबून ठेवू नये. विल्म्स ट्यूमर (मुलांच्या मूत्रपिंडाचा कर्करोग) फुटून पोटात सांडला तर आजार तिसऱ्या टप्प्यात जातो आणि मुलाला जास्तीची केमोथेरपी व पोटावर रेडिएशन घ्यावे लागते. म्हणून गाठ लहान, भोवती निरोगी मूत्रपिंडाची कड असलेली आणि पिशवीत घालून अखंड बाहेर काढता येणारी असेल तरच दुर्बिणीचा विचार करावा. न्यूरोब्लास्टोमाने (अपरिपक्व मज्जापेशींच्या कर्करोगाने) मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढा घातला असेल, तर चमकणारा पडदा त्या वाहिन्या सुरक्षित करत नाही. आधी नेहमीच्या निकषांवर निर्णय घ्यावा, मगच रंगाचा विचार करावा.

दुसरी पायरी: प्रश्नावरून वेळ मागे मोजा

हेपॅटोब्लास्टोमात, म्हणजे लहान मुलांच्या यकृताच्या कर्करोगात, आयसीजीचे सामर्थ्य सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणून त्यावर जरा थांबतो. या गाठीच्या पेशी यकृताच्या पेशींसारख्याच असल्याने त्या रंग आत ओढून घेतात. निरोगी यकृत तो पित्तात सोडून मोकळे होते. गाठीत मात्र पित्ताची बाहेर जाणारी वाट नीट बनलेली नसते, त्यामुळे रंग आत अडकून राहतो. म्हणून ०.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो या मात्रेत शस्त्रक्रियेच्या १ ते ४ दिवस आधी रंग दिला, तर शस्त्रक्रियेच्या दिवशी यकृत विझलेले आणि गाठ उजळलेली मिळते. रंग उशिरा दिला तर सगळेच यकृत उजळलेले असते आणि गाठ त्यात हरवते. ज्या मुलाचे यकृत केमोथेरपीने थकले आहे किंवा ज्याला कावीळ आहे, त्याच्यात रंग हळू उतरतो. तिथे अंतर वाढवावे.

हीच गाठ फुफ्फुसात पसरली तरी तिच्या पेशी ही सवय सोडत नाहीत. फुफ्फुसात तर भोवती उजळणारे यकृतही नसते. म्हणून आदल्या दिवशी दिलेल्या रंगाने हेपॅटोब्लास्टोमाच्या बारीक गाठी काळ्या पार्श्वभूमीवर ठिपक्यांसारख्या उठून दिसतात. एएफपी (या आजारात रक्तात वाढणारे प्रथिन) वाढते आहे पण सीटीत गाठ नीट ठरत नाही, अशा मुलात या पद्धतीचा मोठा उपयोग होतो.

सारकोमाच्या (हाड, स्नायू अशा पेशीजालाच्या कर्करोगाच्या) फुफ्फुसातील गाठींचे कारण वेगळे आहे. तिथे पेशी रंग उचलतात असे नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, रंग बाहेर झिरपतो आणि निचरा कमी असल्याने साठून राहतो. त्यासाठी रंग साधारण २४ तास आधी आणि जास्त मात्रेत द्यावा लागतो. मुलांमध्ये १.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो ही मात्रा वापरली गेली आहे. येथील चमक हेपॅटोब्लास्टोमाइतकी भरवशाची नसते. केमोथेरपीने मृत झालेल्या किंवा कॅल्शियम साठून घट्ट झालेल्या गाठीत रंग पोचतच नाही.

फुफ्फुसाचा किंवा यकृताचा ठरावीक भाग काढायचा असेल, तर रंग शस्त्रक्रियेतच द्यायचा. आधी त्या भागाची रक्तवाहिनी क्लिप लावून बंद करायची, मग शिरेतून ०.२ ते ०.३ मिलिग्रॅम प्रतिकिलो रंग द्यायचा. काही सेकंदांत बाकीचा अवयव उजळतो आणि काढायचा भाग काळा राहतो. फुफ्फुसात ही सीमा थोडाच वेळ ठळक राहते, म्हणून कॉटरी (विजेने जाळणारे उपकरण) हातात तयार ठेवून लगेच खुणा करून घ्याव्यात.

मूत्रपिंडात चित्र उलटे असते. निरोगी मूत्रपिंड उजळते आणि विल्म्स गाठ बहुधा काळी राहते. दोन्ही मूत्रपिंडांत गाठ असलेल्या ५ ते ७ टक्के मुलांमध्ये शक्य तेवढे मूत्रपिंड वाचवायचे असते. या शस्त्रक्रिया बहुतेक वेळा पोट उघडूनच होतात, पण काळ्या-उजळ सीमेचा उपयोग तिथेही होतो. गाठ काढल्यावर उरलेल्या भागाचा रक्तपुरवठाही याच रंगाने तपासता येतो.

लसिकाग्रंथींसाठी रंग शिरेतून द्यायचा नसतो. तो गाठीच्या शेजारच्या पेशीजालात अगदी थोडा टोचायचा आणि काही मिनिटे वाट पाहायची. हातापायांच्या ऱ्हॅब्डोमायोसारकोमात (स्नायूंच्या कर्करोगात) आणि मेलानोमात (त्वचेच्या एका कर्करोगात) पहिली ग्रंथी शोधायला हे उपयोगी पडते. विल्म्स ट्यूमरमध्ये युरोपीय उपचारपद्धतीत किमान ७ लसिकाग्रंथी तपासायला पाठवण्याची शिफारस आहे. प्रत्यक्षात ही संख्या अनेकदा गाठली जात नाही. चमकणाऱ्या ग्रंथी दिसल्या की हे काम सोपे होते, पण चमकणाऱ्या तेवढ्याच काढून थांबू नये. खोलवरच्या ग्रंथींसाठी किरणोत्सारी द्रव्य जोडलेला आयसीजी आणि गॅमा प्रोब (किरणोत्सार टिपणारे उपकरण) अशी जोडी वापरतात.

तिसरी पायरी: मुलाची आणि आईवडिलांची तयारी

आयसीजीच्या बहुतेक कुप्यांमध्ये सोडियम आयोडाइड असते. आयोडीनची किंवा आधी आयसीजीची तीव्र ॲलर्जी असेल तर तो देऊ नये. गंभीर ॲलर्जी फार विरळ आहे, तरी वॉर्डात आदल्या दिवशी रंग देतानाही ॲड्रिनलिन आणि ऑक्सिजन हाताशी हवे. थिएटरमध्ये ही तयारी असतेच, वॉर्डात ती आठवणीने करावी लागते. थायरॉइडची किरणोत्सारी आयोडीनची तपासणी ठरली असेल तर ती रंग दिल्यानंतर किमान आठवडाभर करू नये. बिलिरुबिन आणि यकृताच्या तपासण्या पाहून घ्याव्यात.

आईवडिलांना साध्या शब्दांत सांगावे: हा रंग उपचार करत नाही, पाहायला मदत करतो. मुलांमधील कर्करोगासाठी त्याचा वापर बहुतेक ठिकाणी औषधाच्या छापील मान्यतेबाहेरचा आहे, हेही लपवू नये. रंगाने काही चमकले नाही म्हणजे आजार उरला नाही, असा समज होऊ देऊ नये. आदल्या दिवशी रंग देण्यासाठी एक रात्र आधी दाखल व्हावे लागेल किंवा फक्त त्या इंजेक्शनसाठी यावे लागेल, ही व्यावहारिक गोष्टही वेळेवर कळवावी. मुलाला केमो पोर्ट (केमोथेरपीसाठी त्वचेखाली बसवलेली जोडणी) असेल तर त्यातूनच रंग द्यावा, वेगळी सुई टोचू नये.

चौथी पायरी: रंग मिसळणे

बहुधा २५ मिलिग्रॅमची कुपी मिळते. ती इंजेक्शनसाठीच्या निर्जंतुक पाण्याच्या १० मिलिलिटरमध्ये विरघळवायची. सलाइनमध्ये विरघळवली तर रंगाचे कण एकत्र येऊन गुठळतात, म्हणून पाणीच वापरावे. तयार द्रावणात दर मिलिलिटरला २.५ मिलिग्रॅम रंग असतो. १२ किलोच्या मुलाला ०.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो द्यायचे तर ६ मिलिग्रॅम, म्हणजे २.४ मिलिलिटर. त्याच मुलाला शस्त्रक्रियेत ०.२ मिलिग्रॅम प्रतिकिलो लागले तर २.४ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम १ मिलिलिटर. इथे २.४ हा आकडा एकदा मिलिलिटरमध्ये आणि एकदा मिलिग्रॅममध्ये आला. घाईत असाच गोंधळ होतो. सिरिंजवर दोन्ही एकके आणि मुलाचे वजन लिहावे. द्रावण उजेडापासून झाकून ठेवावे आणि ६ तासांत वापरावे, उरलेले टाकून द्यावे.

लहान बाळात संपूर्ण मात्रा सलाइनच्या नळीतच अडकून राहू शकते. म्हणून रंग शरीराच्या सर्वांत जवळच्या जोडणीतून द्यावा आणि लगेच पुरेसे फ्लश करावे. हे केले नाही तर पडदा काळा राहतो आणि सर्जनला वाटते की रक्तपुरवठाच नाही.

भूलतज्ज्ञांना रंग देण्यापूर्वी मोठ्याने सांगावे. आयसीजी ज्या पट्ट्यात प्रकाश शोषतो तो पल्स ऑक्सिमीटरच्या आणि मेंदूच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राच्या पट्ट्याजवळ आहे, त्यामुळे आकडे क्षणभर खाली जाऊ शकतात. आधी सांगितलेले असले की उगाच धावपळ होत नाही. पण आकडा लगेच सावरला नाही, किंवा रक्तदाबही पडला, तर ती ॲलर्जी समजूनच पावले उचलावीत.

पाचवी पायरी: कॅमेरा आणि थिएटर

मूल झोपवण्याआधी अवरक्त कॅमेरा, त्याचा दिवा आणि दुर्बीण एकमेकांना जुळणारे आहेत का ते तपासावे. साध्या दुर्बिणीला अवरक्त दिवा जोडून काहीच दिसत नाही. लहान मुलांत ५ मिलिमीटरची दुर्बीण सोयीची असते, पण १० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून प्रकाश जास्त येतो. अंधूक चमक शोधायची असेल तर मुलाच्या आकारमानाप्रमाणे याचा विचार करावा.

चाचणीसाठी सिरिंजमधल्या दाट रंगाकडे कॅमेरा रोखू नये. दाट द्रावणात रंगाचे रेणू एकमेकांची चमक शोषून घेतात, त्यामुळे ते काळपट दिसते आणि यंत्र बिघडले असे वाटते. भरपूर पातळ केलेला थेंब टेबलापासून दूर, वेगळ्या गॉजवर घेऊन तपासावा. हा थेंब निर्जंतुक भागात सांडला तर हातमोजे, उपकरणे, पेशीजाल सगळे चमकू लागते आणि ती चमक धुऊनही पुरती जात नाही. रंग हाताळणाऱ्या व्यक्तीने हातमोजे बदलूनच टेबलाजवळ यावे.

सहावी पायरी: पाहण्याची शिस्त

आधी पांढऱ्या प्रकाशात संपूर्ण पोकळी पाहावी. मग काहीही कापण्यापूर्वी अवरक्त प्रकाशात तोच फेरा पुन्हा मारावा. पेशीजाल दाबले, जाळले किंवा रक्त साचले की चमकेचे चित्र बदलते, म्हणून हा फेरा पहिल्याच मिनिटांत झाला पाहिजे. फुफ्फुसात वरच्या टोकापासून खाली, पुढून मागे, दोन लोबमधल्या फटी आणि डायाफ्रॅमकडची बाजू, असा ठरलेला क्रम ठेवावा. एक फुफ्फुस बंद ठेवून त्याच्या भोवतीच्या छातीच्या पोकळीत हलक्या दाबाने कार्बन डायऑक्साइड सोडला की ते चांगले बसते. पण पूर्ण बसलेल्या फुफ्फुसाच्या दुमडींत रंग एकवटून खोटी चमक दिसू शकते. संशय आला तर भूलतज्ज्ञांना ते थोडे फुगवायला सांगून तीच जागा पुन्हा पाहावी.

कॅमेऱ्याचे अंतर एकच ठेवावे. दुर्बीण मागे घेतली की चमक झपाट्याने घटते, जवळ नेली की वाढते. दोन जागांची तुलना वेगवेगळ्या अंतरावरून केली तर तिला अर्थ नसतो. यंत्र आपोआप उजेड वाढवत असेल तर ती सोय बंद करावी, नाहीतर अंधूक पार्श्वभूमीही हिरवी दिसू लागते. पडद्यावर हिरवा थर चढवलेले चित्र काम करायला चांगले, पण शोधायला कृष्णधवल चित्र जास्त संवेदनशील असते. मी शोध नेहमी कृष्णधवलमध्ये घ्यावा असे सांगेन.

एक क्रम अजिबात मोडू नये. आदल्या दिवशीच्या रंगाने गाठ शोधण्याचे काम संपल्याशिवाय, फोटो काढून नोंद केल्याशिवाय, सीमा पाहण्यासाठीची शिरेतली मात्रा देऊ नये. ती दिली की सगळा अवयव उजळतो आणि गाठीची चमक त्या दिवशी परत मिळत नाही.

सातवी पायरी: दिसले त्यावर निर्णय

चार शक्यता असतात आणि प्रत्येकीचे उत्तर आधी ठरलेले हवे. सीटीत गाठ आहे आणि चमकते, तर ती निरोगी कड ठेवून काढायची. सीटीत गाठ आहे पण चमकत नाही, तरीही ती काढायचीच. ती खोल असू शकते, मृत असू शकते, पण स्कॅनने दाखवलेले रंगाने खोडून काढता येत नाही. पृष्ठभागापासून १ सेंटिमीटरपेक्षा खोल गाठी आधीच ओळखून त्यांच्यासाठी सीटीच्या मदतीने तार किंवा कॉइल बसवण्याची व्यवस्था करावी.

सीटीत काही नाही पण जागा चमकते, ही शक्यता सर्वांत अवघड. फुफ्फुसातली सूज, जुना संसर्ग, फुफ्फुसाच्या आतली लसिकाग्रंथी, यकृतात पित्त अडलेली जागा किंवा यकृताचाच नव्याने वाढलेला, कर्करोग नसलेला गोळा, हे सगळे चमकू शकतात. कडेला, सहज काढता येण्याजोगी जागा असेल तर काढून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवावी. यकृताच्या मुख्य वाहिनीजवळ किंवा खोल फुफ्फुसात असेल तर केवळ चमकेसाठी मुलाचा निरोगी अवयव गमावू नये. शस्त्रक्रियेतला अल्ट्रासाउंड किंवा फ्रोझन सेक्शन (तुकडा गोठवून लगेच केलेली तपासणी) यांचा आधार घ्यावा.

चौथी शक्यता सर्वांत मोहात पाडणारी: सीटीतही नाही, चमकतही नाही. म्हणजे सगळे स्वच्छ, असे म्हणता येत नाही. ऑस्टिओसारकोमाच्या मुलात सर्जनला शंका असेल तर छाती उघडून चाचपण्याचा पर्याय शेवटपर्यंत खुला ठेवावा आणि तो आईवडिलांना आधीच सांगितलेला असावा. या आजारात दुर्बीण की उघडी शस्त्रक्रिया, हा प्रश्न मुलांच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपने स्वतंत्र चाचणीत, एओएसटी २०३१ मध्ये, तपासायला घेतला आहे.

गाठ बाहेर आली की काम संपत नाही. ती पिशवीतून काढून वेगळ्या टेबलावर ठेवावी आणि कापलेली कड अवरक्त प्रकाशात पाहावी. कडेपर्यंत चमक पोचली असेल तर त्या बाजूला आणखी थोडे काढता येते का ते लगेच ठरवता येते. मग शरीरातली उरलेली जागा पाहावी. यकृतात कापलेल्या पृष्ठभागावर चमकणारे पाणी वाहताना दिसले तर ती पित्ताची गळती असू शकते. तिथे टाका घालण्याची वेळ हीच असते.

आठवी पायरी: नोंद

प्रत्येक गाठ वेगळ्या डबीत आणि तिच्यावर जागा, सीटीत होती की नाही, चमकली की नाही, असे लिहून पाठवावे. सगळ्या गाठी एकाच डबीत गेल्या तर पॅथॉलॉजीच्या अहवालावरून काहीच शिकता येत नाही. रंगाची मात्रा, दिल्याची वेळ, पाहिल्याची वेळ आणि कॅमेऱ्याची सेटिंग शस्त्रक्रियेच्या टिपणात लिहावी. मुलांमधले हे कर्करोग विरळ आहेत. एकेका केंद्राकडे अनुभव थोडाच साठतो आणि तो नोंदीशिवाय दुसऱ्याच्या कामी येत नाही. हेपॅटोब्लास्टोमात शस्त्रक्रियेनंतरची एएफपी त्या नोंदीला जोडावी. चमकणाऱ्या सगळ्या गाठी काढल्यावर ती अपेक्षेप्रमाणे उतरत नसेल तर कुठेतरी आजार उरला आहे असे धरून पुन्हा शोध घ्यावा.

पुढे काय येत आहे

कर्करोगाच्या पेशीलाच चिकटणारे रंग आता आले आहेत. पेशीवरच्या फोलेट या जीवनसत्त्वाच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटणाऱ्या पॅफोलासियानिन या रंगाला अमेरिकेत मोठ्या माणसांतील अंडाशयाच्या कर्करोगासाठी २०२१ मध्ये आणि फुफ्फुसाच्या गाठींसाठी २०२२ मध्ये मान्यता मिळाली. न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींवर जीडी२ नावाचा रेणू असतो, आणि त्याच्या विरुद्धची प्रतिपिंडे उपचारात वापरली जातातच. त्याच प्रतिपिंडांना चमकणारा रंग जोडण्याचे काम प्रयोगशाळेत झाले आहे. असे रंग मुलांसाठी उपलब्ध होतील तेव्हा वेळेचे आणि मात्रेचे हिशेब नव्याने मांडावे लागतील. तोवर हाती असलेला आयसीजी वापरताना, थिएटरच्या यादीत त्याच्या नावापुढे प्रश्न आणि इंजेक्शनची वेळ या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत का, हे आदल्या सकाळीच तपासावे.